बटण बंद करण्यापूर्वी...

वीज गेली की आपल्याकडे पहिला संशय आभाळावर जातो. वारा सुटला असेल, कुठे तारेवर फांदी पडली असेल, असे म्हणत आपण मेणबत्ती शोधू लागतो. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या माणसाला हे नवे नाही. पण वीज जाण्याचे आणखी एक कारण असते आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. ते कारण म्हणजे माणसाचा हात. कुणी चुकीचे बटण दाबतो, कुणी न विचारता प्लग काढतो, कुणी दुरुस्ती झाल्यावर खटका पुन्हा वर करायला विसरतो. घरात असे झाले तर पंखा थांबतो, एवढेच. रुग्णालयात, लसींच्या खोलीत किंवा शहराला वीज देणाऱ्या केंद्रात असे झाले, तर गाठ जिवाशी पडते. म्हणून या आठवड्यात ताप-खोकला बाजूला ठेवून या विषयावर लिहीत आहे.

एका सोमवारची गोष्ट

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि आसपासच्या भागातील वीज एकाएकी गेली. करोनाचे दिवस होते. अतिदक्षता विभागांत रुग्ण यंत्रांच्या आधारावर श्वास घेत होते. लोकल गाड्या त्या वेळी फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावत होत्या. त्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या गाड्यांत रुग्णालयांत कामाला निघालेल्या परिचारिका आणि वॉर्डबॉयही होते. रुग्णालयांनी अतिदक्षता विभागासाठी किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल हाताशी ठेवावे, असे मुंबई महापालिकेला सांगावे लागले. मुंबईच्या बऱ्याच भागांत दुपारपर्यंत वीज आली. काही उपनगरांत मात्र रात्र झाली. मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात त्याच दिवशी जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. म्हणजे ज्या यंत्राच्या भरवशावर राहायचे, तेच दगा देऊन गेले.

हे झाले कसे? मुंबई महानगराला बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या मोजक्याच आहेत. कळवा-पडघा ही त्यांतली महत्त्वाची. त्या सकाळी काही वाहिन्या आधीच बंद होत्या. त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर आला, तो त्यांना पेलवला नाही आणि त्याही एकामागोमाग एक बंद पडल्या. अशी वेळ आलीच तर मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून आपोआप अलग होऊन स्वतःच्या विजेवर चालावे, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था अनेक वर्षांपासून होती. त्या दिवशी तीही टिकली नाही.

पुढे बरीच चर्चा झाली. राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली. मार्च २०२१ मध्ये परदेशी संगणक-हल्ल्याचीही बातमी गाजली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र सांगितले, की दोन पथकांनी चौकशी केली असून वीज जाण्याचे कारण मानवी चूक होते, संगणक-हल्ला नव्हे. शत्रूने काही केले असे ऐकले की माणूस लगेच सावध होतो. चूक आपल्यातल्याच कुणाची असे ऐकले की विषय मागे पडतो. खरे तर उलट व्हायला हवे. शत्रू रोज येत नाही. चूक रोज होऊ शकते.

आपल्या भागाचा विजेशी संबंध जुना आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. भिवपुरीचे केंद्र १९२२ सालचे. तिथून सुटलेले पाणी राजनाल्यातून आपल्या शेतांना मिळते. मुंबईच्या दिव्यात आपल्या घाटाचे पाणी आहे आणि आजही आपला अवघड रुग्ण पनवेल, कल्याण नाही तर मुंबईकडेच जातो. तिथले बटण चुकले तर भिसेगावातल्या घरालाही त्याची झळ लागते.

चुका तीन प्रकारच्या

जगात गाजलेल्या अशा घटना पाहिल्या तर माणसाच्या हातून होणाऱ्या चुका साधारण तीन प्रकारच्या दिसतात.

पहिली, न सांगितलेल्या बदलाची. जर्मनीत एम्स नदीतून एक मोठे नवे जहाज समुद्राकडे न्यायचे होते. त्यासाठी नदीवरून जाणारी उच्च दाबाची वाहिनी काही काळ बंद ठेवायची, असे ठरले होते. ठरलेली वेळ ५ नोव्हेंबर २००६ च्या पहाटेची. ती बदलून आदल्या रात्रीची करण्यात आली. शेजारच्या वीज कंपन्यांना हा बदल उशिरा कळला आणि नव्या वेळी भार किती असेल याची पुरेशी तपासणी झाली नाही. ४ नोव्हेंबरच्या रात्री वाहिनी बंद झाली आणि थोड्याच वेळात युरोपातील दीड कोटीच्या आसपास घरांत अंधार झाला.

दुसरी, गाळलेल्या पायरीची. ८ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील एका उपकेंद्रात एक तंत्रज्ञ नेहमीचेच काम करीत होता. कामाच्या पायऱ्या कागदावर लिहिलेल्या होत्या. त्यांतली एक पायरी राहून गेली आणि एक मोठी वाहिनी बंद पडली. जाळे आधीच नाजूक होते. पाहता पाहता सॅन दिएगो शहरासह सुमारे २७ लाख ग्राहकांची वीज गेली.

तिसरी, विसरण्याची. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. कारणे अनेक होती. तारांखालची झाडे छाटलेली नव्हती, धोक्याची सूचना देणारी संगणक-यंत्रणा बंद पडली होती. त्यांतच एक अगदी साधी गोष्ट घडली. जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या एका केंद्रात दुरुस्तीसाठी संगणकाचे आपोआप चालणारे काम थांबवण्यात आले होते. दुरुस्ती झाली. पण ते पुन्हा सुरू करण्याचे राहिले आणि संबंधित कर्मचारी जेवायला गेला.

डॉक्टर म्हणून या तिसऱ्या घटनेचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या दोन दिवसांत न्यूयॉर्क शहरात किती माणसे दगावली याचा अभ्यास पुढे संशोधकांनी केला. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीपेक्षा मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे सुमारे ९० माणसे जादा गेली. त्यांतली बरीच अपघाताने नव्हे, तर एरवीच्याच आजारांनी गेली. विजेवाचून कुणी मरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आजारी माणसाच्या बाबतीत ते खरे नाही.

या तिन्ही घटनांतील माणसे बेफिकीर किंवा अडाणी नव्हती. ती शिकलेली, अनुभवी होती आणि आपले रोजचे काम करीत होती. रोजच्या कामातच हात डोक्याच्या पुढे धावतो.

आपल्या गावातले बटण

हे सर्व मोठ्या केंद्रांचे झाले. पण हीच चूक लहान आकारात आपल्या आसपासही सापडते. मोबाइल चार्ज करायला जागा नाही म्हणून नातेवाईक रुग्णाच्या खाटेमागचा प्लग काढतात. जनरेटर असतो, पण डिझेल संपलेले असते किंवा बॅटरी उतरलेली असते. दुरुस्तीच्या वेळी फिरवलेला चेंजओव्हर स्विच तसाच राहतो, त्यामुळे जनरेटर सुरू होऊनही वॉर्डात वीज पोहोचत नाही. यूपीएस दिसायला हिरवा दिवा दाखवतो, पण आतली बॅटरी कधीच निकामी झालेली असते. तिची ताकद वीज गेल्याशिवाय कळत नाही आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

वेळ किती असतो, तेही समजून घ्यावे. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ शकते. कृत्रिम श्वसनयंत्राला स्वतःची बॅटरी असते. ती संपली किंवा यंत्रच थांबले, तर हाताने दाबायची अँबू बॅग लागते आणि ती खाटेशेजारीच असावी लागते, कपाटात कुलपात नव्हे. डायलिसिस चालू असताना रुग्णाचे थोडे रक्त कायम शरीराबाहेर, यंत्राच्या नळ्यांत फिरत असते. ते फिरायचे थांबले तर गोठू लागते. अशा वेळी यंत्राचा पंप हाताने फिरवून रक्त परत देता येते. त्याचे हँडल कुठे आहे, हे त्या पाळीतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक हवे. कमी वजनाच्या बाळाचा वॉर्मर बंद पडला तर बाळ लवकर गार पडते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घालणे, हा त्यावरचा हाताशी असलेला आणि उत्तम उपाय आहे.

लपवलेली चूक

आता मुद्द्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी लसींची खोली असलेल्या इमारतीत रंगकाम चालू होते. रंगाऱ्याने दिवा लावण्यासाठी फ्रिजचा प्लग काढला आणि संध्याकाळी तो तसाच निघून गेला. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींच्या ते लक्षात आले. त्यांनी प्लग लावला नाही. आधी येऊन सांगितले. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती बोलणी. "तुमचे लक्ष कुठे होते?" असा दम भरला गेला. मी तिथे होतो. मी एवढेच म्हणालो, की यांनी सांगितले म्हणून आज एकाही बाळाला संशयास्पद लस टोचली जाणार नाही.

वाचकहो, क्षणभर विचार करा. त्या मावशींनी गुपचूप प्लग लावून दिला असता तर? दहा मिनिटांत फ्रिज घरघरू लागला असता. तासाभराने हात घालणाऱ्याला आत गारच लागले असते. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. रात्रभर उन्हाळ्याच्या उकाड्यात राहिलेली लस निकामी झाली असेल, तरी बाटलीतील द्रव तसाच दिसू शकतो. बाळाला सुई टोचली जाते, बाळ रडते, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होते आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते. अनेक बाटल्यांवर उष्णता ओळखणारी छोटी चौकोनी खूण असते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती लस वापरायची नसते. पण काही लसी गोठल्यानेही बिघडतात आणि ते या खुणेवरून कळत नाही. म्हणून संशय येताच लसी त्याच थंडाव्यात वेगळ्या काढून, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून, जबाबदार अधिकाऱ्याला विचारणे हाच योग्य मार्ग आहे. आणि संशय येण्यासाठी कुणीतरी खरे सांगितले पाहिजे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की बटण चुकून बंद होणे हा धोका आहेच, पण ते लपवले जाणे हा त्याहून मोठा धोका आहे. सांगणाऱ्याला दम मिळाला की पुढचा माणूस सांगत नाही. जिथे सांगणाऱ्याची नोकरी जाते, तिथे चुका थांबत नाहीत, त्या फक्त दिसेनाशा होतात. हेतुपुरस्सर केलेल्या गैरकृत्याला शिक्षा जरूर व्हावी. पण साधी चूक करून लगेच सांगणाऱ्याला अभय हवे.

उपाय साधेच

शस्त्रक्रियेतल्या चुका टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, बोळे मोजले ना, असे प्रश्न तीत असतात आणि ते मोठ्याने विचारायचे असतात. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. फक्त विचारण्याची सवय नवी होती.

आपल्या कर्जतकरांना ही सवय परकी नाही. घाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात गाड्यांना मागून बँकर इंजिने लागतात, ते आपण लहानपणापासून पाहतो. इंजिनातला चालक आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरी सांगतात. कारण डोळा फसतो, पण दोघांचा एकदम सहसा फसत नाही. हीच पद्धत बटणाला लावावी.

दवाखाने, रुग्णालये, प्रसूतिगृहे आणि औषधाची दुकाने यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) ज्या बटणावर जीव किंवा लस अवलंबून आहे, त्यावर मराठीत ठळक चिठ्ठी लावावी : 'विचारल्याशिवाय बंद करू नये.' खाली कुणाला विचारायचे तेही लिहावे. फ्रिजचा प्लग शक्यतो सहज निघणारच नाही, अशी जोडणी करून घ्यावी.

२) मोबाइल चार्ज करण्यासाठी नातेवाइकांना वेगळी जागा द्यावी. जागा दिली नाही, तर ते खाटेमागचा प्लग काढणारच.

३) दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असेल तर आधी वॉर्डात सांगावे, 'बंद करू का?' असे मोठ्याने विचारावे आणि 'करा' असे उत्तर आल्यावरच हात लावावा. काम झाल्यावर सर्व खटके पूर्वीसारखे आहेत ना, हे दुसऱ्या माणसाने पाहावे.

४) जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता सुरू करून भागत नाही. त्यावर वॉर्डाचा भार टाकून पाहावा आणि डिझेलची पातळी वहीत लिहावी.

५) जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय कधीही जोडू नये. नाहीतर त्याची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. ही सूचना लग्नाच्या मांडवालाही लागू आहे.

घरात रुग्ण असेल तर

प्राणवायूचे यंत्र घरी असेल, तर सोबत भरलेला सिलिंडर ठेवावाच. मध्यम आकाराच्या, 'बी टाइप' म्हणून मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर तो सुमारे बारा तास पुरतो. चावी सिलिंडरलाच बांधून ठेवावी आणि घरातील दोघांना तरी ती फिरवता यावी. आपला इन्व्हर्टर हे यंत्र चालवू शकतो का, हे आधीच इलेक्ट्रिशियनला विचारावे.

दम्याच्या रुग्णाने केवळ विजेच्या नेब्युलायझरवर विसंबू नये. पंप आणि स्पेसर घरात असावा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली की फ्रिजचे दार वारंवार उघडू नये. वापरात असलेली बाटली नेहमीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, मात्र उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. फार उकाडा असेल तर ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, बंद कोरड्या डबीत ती ठेवावी. आमच्या भागातील वाड्यांवर हा उपाय चांगला चालतो. इन्शुलिन बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे.

डायलिसिसची पाळी विजेअभावी पुढे गेली, तर पाणी व मीठ कटाक्षाने कमी करावे. केळी, शहाळे, टोमॅटो टाळावेत. लगेच आपल्या केंद्राशी बोलून नवी वेळ घ्यावी. धाप लागली, छातीत धडधड झाली किंवा फार अशक्तपणा वाटला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

वीज गेल्याची तक्रार करण्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. तक्रार करताना घरात प्राणवायूवरील रुग्ण आहे, हे आवर्जून सांगावे. शेजाऱ्यांनाही ते ठाऊक असावे. आपल्या सोसायटीत, चाळीत किंवा आळीत असा रुग्ण कोण आहे, हे माहीत असलेला माणूस मीटरच्या खोलीत शिरून मेन स्विच सहज खाली ओढणार नाही.

या आठवड्यात प्रत्येकाने एक काम करावे. घरातली, दुकानातली, दवाखान्यातली बटणे एकदा पाहावीत. कुठल्या बटणावर कुणाचा जीव किंवा कुणाचे औषध टांगलेले आहे, ते शोधावे आणि त्यावर चिठ्ठी लावावी. आणि उद्या एखादा पोरगा धावत येऊन "माझ्या हातून बंद झाले" असे म्हणाला, तर त्याच्यावर ओरडू नये. "किती वेळ बंद होते?" एवढेच विचारावे.